तीन मिनिटं

दाबोळीच्या रांगेत माझी टॅक्सी सतरावी.
साडेपाचला ती काचेच्या दाराशी,
हातात काथ्यानं बांधलेला खोका,
आणि आगमनाच्या फलकावर दोहाचं विमान नाही.

"गोव्याला उतरतो म्हणाला," ती म्हणाली.
गोव्याला म्हणजे दाबोळीला. अकरा वर्षांपूर्वी
इथूनच गेला होता पहिल्या बोटीवर.
तेव्हा दुसरा विमानतळ नव्हता,
मोप्याला नुसता सडा आणि काजू.

लोलयेहून तीन बसगाड्या बदलत आलेली शेवंतीबाई
मला विचारते, इथून तिथं विमान जातं का?
जात नाही.
गेलं असतं तर किती वेळ?
मी मोबाईलवर बघितलं. सरळ रेषेत चाळीस किलोमीटर.
विमानाच्या वेगानं तीन मिनिटं.
"तीन?"
"तीन. पट्टा लावेपर्यंत उतरायची वेळ."
आणि रस्त्यानं?
रस्त्यानं साठ, वर तीन नद्या,
वर पर्वरीचं काम, वर शुक्रवार.

भाडं ठरलं नाही. खोका तिनं मांडीवर घेतला,
डिकीत ठेवू दिला नाही.

सर्वेश सहाला उतरणार, पावणेआठला परत आत जाणार,
कोचीचं विमान आठ चाळीसचं, तिथं बोट,
मग सात महिने पाणी.
हे सगळं तिनं कुठ्ठाळीपर्यंत सांगून टाकलं
आणि झुआरीच्या पुलावर गप्प झाली.

आगशीला दुकानांपुढे चोरिसांच्या माळा.
बांबोळीच्या चढावर ट्रक.
मांडवीवर मी ऐंशी मारले.
पर्वरीत पंचवीस मिनिटं एका सिमेंट मिक्सरच्या मागे;
तेवढ्यात तिनं खोक्याची गाठ दोनदा सोडली, दोनदा बांधली.
तोरां, सोलां, कुळथाचं पीठ,
आणि एक नवा टॉवेल, किंमतीची चिठ्ठी न काढलेला.

"तीन मिनिटं," ती मध्येच म्हणाली,
शिवी दिल्यासारखी.

कोलवाळच्या पुलाखाली शापोरा काळी झाली होती.

सात अठ्ठावीसला पोचलो.
सतरा मिनिटं मिळाली.
मी पाठ केली. पाठीला ऐकू आलं तेवढं सांगतो:
त्यानं विचारलं, पाय कसा आहे.
तिनं विचारलं, जेवलास का.
मग वजनाची गोष्ट निघाली, सामान दोन किलोनं जास्त,
आणि कुळथाचं पीठ परत आलं.
ते आता माझ्या घरी आहे.

लगेच निघायचं नव्हतं तिला.
स्टँडवरच्या टपरीत तिनं दोन चहा घेतले,
एक प्यायली, एक गार केला.
"मडगावात बहिणीकडे सोडा," म्हणाली. "लोलयेची बस गेली असेल."

आठ चाळीसला आम्ही म्हापशाच्या सिग्नलला.
तिनं काच खाली केली.
दिसलं काही नाही. आवाज आला,
तोही कदाचित बुलेटचा.
"आता कुठं असेल?"
मी हिशेब केला. विमान दक्षिणेला जाणार:
आपण गिरीच्या शेतांशी पोचू तोवर तो मडगावावरून,
आपण त्या मिक्सरपाशी पुन्हा थांबू
तोवर लोलयेवरून,
तुमच्या माडांवरून, कौलांवरून.
तुमच्या आधी घरी.

ती थोडा वेळ बोटं मोजत राहिली.
मग म्हणाली, पहाटे निघताना
पडवीतला दिवा चालूच राहिलाय.
दिसेल त्याला?

तीस हजार फूट. नऊ वॅटचा बल्ब. त्यात ढग.
मी म्हटलं, दिसेल.

"कसला दिसतोय," ती म्हणाली,
"बिल तेवढं येईल."
आणि काच वर केली.